आडतीवरचा सर्व्हर आणि सत्तेचाळिसावी पट्टी

मार्केट यार्डातल्या आडतीवरच्या मुनीमअप्पांचा फोन आला तेव्हा संध्याकाळचे पावणेसात झाले होते. "आरं त्या काँप्युटरला काय झालंय बघ की, दुपारपासून सेव्हच होईना गेलंय अन् आता तर पट्टीबी निघंना गेलीय, माणसं दारात बसून हायती." पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा वजन, भाव आणि कपातीचा हिशोब लिहिलेला कागद. मी औसा रोडला एका क्लासच्या ऑफिसात वायफायचं काम करत होतो, ते तसंच अर्धवट सोडलं आणि गाडी काढली. नोव्हेंबर २०२५ चा पहिला आठवडा, दिवाळीनंतर लातूरचं मार्केट यार्ड पुन्हा भरायला लागलेलं, सोयाबीनची आवक जोरात. सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्यात काय करून ठेवलं ते सगळ्यांनी बघितलंय, त्यातून जे काही हाताला लागलं ते कट्ट्यात भरून माणूस इथवर आलेला, हमीभाव कागदावर ५३२८ पण ओल जास्त म्हणून भाव कापलेला, आणि वरून त्याला सांगायचं की सर्व्हर बंद आहे, पट्टी उद्या घेऊन जा. हे मला पटत नाही. म्हणून हा सगळा प्रकार जसा झाला तसा लिहितोय, कुणाच्या कामी आला तर बरं.

आधी सेटअप सांगतो. आडतीच्या गादीमागं एक जुना टॉवर, त्यात उबुंटू सर्व्हर, मायएसक्यूएलचा डेटाबेस, आणि दुकानातले चार काँप्युटर ब्राउजरमधून त्याला जोडलेले. काट्यावरचं वजन, सौदा, हमाली, तोलाई, शेतकऱ्यानं घेतलेली उचल, सगळं त्यात. हार्डडिस्क एकच, १ टीबीची. हे बसवलं होतं माझ्या आधीच्या माणसानं, माझ्याकडं मेंटेनन्स वर्षभरापासून होता, त्यामुळं एकच डिस्क आहे हे मला माहीत होतं आणि ते मी तसंच चालू दिलं ही माझी चूक, ती मान्य करूनच पुढं लिहितो.

पोचल्यावर पहिल्यांदा लॅपटॉपवरून पिंग मारला. पिंगला रिप्लाय येत होता! एसएसएच (दुरून लॉगिन) मात्र लागेना, पासवर्डसुद्धा विचारत नव्हता, नुसताच अडकून बसलेला. बरेच जण इथं फसतात, पिंग येतंय म्हणजे सर्व्हर चालू आहे, नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल म्हणून केबल आणि स्विच बदलत बसतात. पिंगला उत्तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, देतं, त्याला डिस्क लागत नाही. लॉगिनला मात्र फायली वाचाव्या लागतात, डिस्क लागते. पिंग येतंय आणि लॉगिन होत नाही म्हटलं की माझं लक्ष आधी डिस्ककडं जातं.

मॉनिटर जोडला तर स्क्रीनभर एकच रडगाणं, एसडीए वर आयओ एरर, अमुक सेक्टर, आणि मधेमधे अमुक टास्क १२० सेकंदांपेक्षा जास्त वेळ अडकलाय. त्याच्यावर एक्स्ट-फोरची (डिस्कवर फायली मांडून ठेवणारी लिनक्सची फाइल सिस्टीम) ओळ, जर्नल बंद केलं, फाइल सिस्टीम रीड-ओन्ली केली. स्क्रीनवरच्या त्या सगळ्या ओळींचे मोबाईलवर फोटो काढले. ही सवय लावून घ्याच, कारण रिबूट झालं की ती स्क्रीन गेली, आणि डिस्क रीड-ओन्ली झाल्यावर लॉगसुद्धा लिहिला जात नाही. नंतर बघितलं तर लॉगची शेवटची ओळ दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांची होती. म्हणजे अप्पा म्हणत होते ते "दुपारपासून सेव्ह होईना गेलंय" अगदी बरोबर, चारला आठ मिनिटं कमी असतानाच डिस्कनं मान टाकली होती आणि त्यानंतर तीन तास दुकान तसंच ओढलं. नशीब असं की काट्यावरच्या पोरानं तेवढ्या वेळाचं सगळं वहीवर लिहून ठेवलं होतं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी.

आता बंद कसं करायचं? बटण पाच सेकंद दाबून धरणं हा शेवटचा उपाय. त्याआधी ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरायचं आणि एस, मग यू, मग बी, एकेक करून. एस म्हणजे मेमरीत जे आहे ते डिस्कवर लिही, यू म्हणजे सगळं रीड-ओन्ली कर, बी म्हणजे रिबूट. उबुंटूमध्ये ही तीन आधीपासूनच चालू असतात (सेटिंगचा आकडा १७६ असतो, १६ अधिक ३२ अधिक १२८). एस दाबल्यावर काम सुरू झाल्याची ओळ आली पण झाल्याची आली नाही, दोन मिनिटं थांबलो, तरी नाही. मग यू आणि बी.

रिबूट झाला, डिस्क ओळखायलाच त्यानं मिनिटभर घेतलं, आणि मग ती काळी स्क्रीन, कंसात इनिटरॅमएफएस लिहिलेला प्रॉम्प्ट, आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरात, अनपेक्षित विसंगती सापडली, एफएससीके हातानं चालवा. एफएससीके म्हणजे फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम.

इथंच माझा हात थांबला. नेटवर कुठंही बघा, ह्या स्क्रीनचा उपाय म्हणून एकच ओळ सांगतात, एफएससीके मायनस वाय आणि पुढं पार्टिशनचं नाव. मायनस वाय म्हणजे तू जे जे विचारशील त्याला माझं हो. लाईट गेल्यामुळं फाइल सिस्टीम बिघडली असेल आणि डिस्क ठणठणीत असेल तर हे चालतं, मीही किती वेळा केलंय. पण दोन वर्षांपूर्वी एका मेडिकल दुकानात मी हेच केलं होतं आणि तिथं डिस्कच मरायला टेकली होती. वाचता न येणारा ब्लॉक लागला की एफएससीके विचारतो, एरर सोडून देऊ का, आणि हा ब्लॉक जबरदस्तीनं पुन्हा लिहू का. दोन्हीला हो गेलं. तो ब्लॉक होता आयनोड टेबलचा. आयनोड म्हणजे फाइल डिस्कवर कुठं आहे ते सांगणारी नोंद. एका आयनोडला २५६ बाइट लागतात, ४ केबीच्या एका ब्लॉकात १६ आयनोड बसतात, म्हणजे एका हो मध्ये १६ फायलींचा पत्ता पुसला जाऊ शकतो, फायलीतला मजकूर डिस्कवर तसाच असतो पण तो कुठं आहे हे सांगणारं कुणी उरत नाही. त्या दुकानाची सहा महिन्यांची उधारी गेली. त्या माणसानं मला एक शब्द बोलला नाही आणि ते अजून मला लागून राहिलंय.

म्हणून ह्यावेळी प्रॉम्प्टवर काहीही न टाईप करता मशीन बंद केली. अप्पा म्हणले, "आरं काय करूलालास, ते एवढं स्वच्छ लिवून देऊलालंय की हे चालव म्हणून." त्यांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. अप्पा, तुम्ही आधी रोजकीर्दीत मांडता आणि मग खतावणीला नेता, बरोबर? डिस्कमध्येबी तसंच आहे. जर्नल म्हणजे रोजकीर्द, बदल आधी तिथं लिहायचा, मग खऱ्या जागी न्यायचा. मधेच लाईट गेली तर चालू झाल्यावर रोजकीर्द वाचून खतावणी पुरी करता येते, त्याला दोन मिनिटं लागतात. पण आता इथं वहीचं पानच भिजलंय, अक्षर दिसंना गेलंय. असल्या वहीवर पेन घेऊन दुरुस्ती करायची का आधी दिसतंय तेवढं दुसऱ्या वहीत उतरून घ्यायचं? अप्पांनी एवढंच विचारलं, "उतरून घ्याला किती टाईम लागंल?"

पेनड्राईव्हवर सिस्टीमरेस्क्यू (पेनड्राईव्हवरूनच चालणारं दुरुस्तीचं लिनक्स) कायम माझ्या बॅगेत असतं, त्यानं मशीन चालू केली आणि डिस्कचं स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, बघितलं. पाहण्यासारखे आकडे पाच. रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले) १६, पेंडिंग सेक्टर ७२, म्हणजे ७२ सेक्टर डिस्कला वाचता येईनात. सीआरसी एरर शून्य, म्हणजे केबल बरोबर आहे, हा आकडा वाढलेला असला तर नवी डिस्क घ्यायच्या आधी शंभर रुपयांची केबल बदलून बघा. आणि चालू तास ४३ हजारांच्या वर, म्हणजे जवळपास पाच वर्षं दिवसरात्र फिरलेली डिस्क. टेंपरेचर ५४. साईडचं झाकण काढलं तेव्हा ५४ कामून ते कळलं. समोरच्या जाळीवर सोयाबीनच्या भुशाचा आणि धुळीचा थर बसलेला, बोटानं सोलला तर वाकळेसारखा एकसंध निघाला, पंखा त्याच्यामागं नुसताच फिरत होता, हवा आत येतच नव्हती. पॉवर बटणावर लक्ष्मीपूजनाचं हळदकुंकू तसंच होतं. वह्यांच्या शेजारी त्यालाही पूजेला मांडलं होतं त्यांनी, त्या मशीनवर त्यांचा तेवढा विश्वास होता.

नवी डिस्क मिळवायला साडेआठ वाजले, ओळखीच्या दुकानदारानं शटर अर्धं वर करून २ टीबीची काढून दिली. कॉपी घ्यायची डिस्क जुनीएवढी किंवा मोठी पाहिजे, लहान चालत नाही. आणि साधी कॉपी करायची नाही, डीडीरेस्क्यू वापरायचं. साधी कॉपी खराब जागी पोचली की तिथंच डोकं आपटत बसते आणि मरत आलेली डिस्क तेवढ्यात पूर्ण मरते. डीडीरेस्क्यू आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अवघड जागा बाजूला नोंदवून ठेवतं, आणि शेवटी त्यांच्याकडं वळतं. पहिल्या फेरीला मायनस एन लावायचं म्हणजे ते खराब जागा खरवडत बसत नाही. नोंदीची एक मॅप फाइल असते, ती वेगळ्या पेनड्राईव्हवर ठेवली, आणि ते किती कामाला आलं बघा.

साडेनऊला कॉपी चालू झाली, १०० एमबीच्या आसपास स्पीड, ह्या हिशोबानं पावणेतीन तास. दहाच्या सुमारास लाईट गेली. यूपीएस एकदा पीप वाजला आणि मशीन बंद! बॅटरी मेलेली होती, बाहेरून हिरवा दिवा लावून बसलेला तो यूपीएस एक मिनिटसुद्धा भार धरत नव्हता. म्हणजे पावसाळाभर जेव्हा जेव्हा लाईट गेली तेव्हा तेव्हा हा सर्व्हर असाच धाडकन पडत होता आणि आपोआप उठत होता आणि मला कुणी सांगितलं नाही, कारण उठत होता ना. मी यूपीएसचा दिवा बघत होतो, प्लग काढून कधी बघितलं नाही.

मशीन, दोन्ही डिस्का, सगळं मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आणलं, घरी इन्व्हर्टर आहे. तीच कमांड, तीच मॅप फाइल, आणि जिथं थांबलं होतं तिथून पुढं चालू झालं. मॅप फाइल नसती तर पहिल्यापासून, आणि त्या डिस्कनं आणखी एक फेरी सोसली असती का नाही मला सांगता येत नाही. डिस्कवर टेबलफॅन लावून ठेवला. मधे एका जागी स्पीड एकदम पडला, काही केबी वर आला, डिस्कमधून टक टक आवाज, मी हात जोडून बसलो होतो हे खरं सांगतो. दीड वाजता पहिली फेरी झाली, मग मायनस आर ३ लावून राहिलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न. पहाटे शेवटी वाचता न आलेलं उरलं २८ केबी. अख्ख्या १ टीबीतून २८ केबी, ४ केबीचे ७ ब्लॉक.

मग जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली आणि नव्या डिस्कवरच्या कॉपीची आणखी एक इमेज फाइल माझ्या घरच्या मोठ्या डिस्कवर घेतली. आता काहीही बिघडलं तरी परत मागं येता येणार होतं, आणि जीव भांड्यात पडला तो तेव्हा.

दुरुस्तीच्या आधी एफएससीके मायनस एन, म्हणजे हात न लावता नुसतं बघ. यादी फार मोठी नव्हती. सुपरब्लॉक, म्हणजे अख्ख्या फाइल सिस्टीमची माहिती असलेला ब्लॉक, शाबूत होता. तो गेला असता तरी घाबरायचं नसतं, ४ केबीच्या ब्लॉकवाल्या एक्स्ट-फोरमध्ये त्याच्या कॉप्या ३२७६८, ९८३०४, १६३८४० अशा ठरलेल्या ब्लॉकांवर असतात, मायनस बी देऊन तिथून वाचायला सांगता येतं. ते सात ब्लॉक कुणाचे हेपण बघून घेतलं. मॅप फाइलमध्ये बाइटचा आकडा असतो, त्यातून पार्टिशनची सुरुवात वजा करायची, ४०९६ नं भागायचं, आला ब्लॉक नंबर, मग डीबगएफएसमध्ये आयचेक दिला की आयनोड कळतो आणि एनचेक दिला की फायलीचं नाव. सातातले चार रिकामे किंवा जुन्या लॉगचे होते. दोन मायएसक्यूएलच्या वजनाच्या टेबलात, दोन्ही एकाच पेजात (पेज म्हणजे टेबलातल्या नोंदींचा एक तुकडा). आणि एक ब्लॉक होता एका फोल्डरचा, ज्यात सॉफ्टवेअर प्रत्येक पट्टीची पीडीएफ ठेवतं. अप्पांच्या भाषेत, फोल्डरच्या अनुक्रमणिकेचं एक पान गेलं होतं.

आता मात्र मायनस वाय, नव्या डिस्कवर, माउंट न करता, म्हणजे सिस्टीमला वापरायला न जोडता. माउंट असलेल्या फाइल सिस्टीमवर एफएससीके चालवू नका, कधीच. पाच टप्पे असतात त्याचे. चौथ्या टप्प्याला स्क्रीनवर ओळीमागून ओळ, अमुक आयनोडला कुणी मालक नाही, लॉस्ट अँड फाउंडला (बेवारस फायलींच्या फोल्डरला) जोडू का, हो, मोजणी २ आहे १ पाहिजे, दुरुस्त करू का, हो. अशा ८३ फायली. दुसऱ्यांदा चालवला तेव्हा सगळं स्वच्छ. मशीन बूट झाली तेव्हा सकाळचे सात वाजले होते.

मायएसक्यूएल चालू होऊन लगेच पडत होतं. त्याला कॉन्फिगमध्ये इनोडीबी फोर्स रिकव्हरी १ दिलं. हा आकडा ६ पर्यंत जातो पण ४ आणि त्याच्या पुढं डेटा कायमचा बिघडू शकतो, तेव्हा एकेक करून वर जायचं आणि उठलं की तिथंच थांबायचं. १ वरच उठलं. लगेच सगळ्या टेबलांचं डंप (डेटाची कॉपी) काढलं, वजनाच्या टेबलाचं मात्र नंबरच्या तुकड्यातुकड्यानं, कारण खराब पेजला पोचलं की तुटत होतं. नवा डेटाबेस करून त्यात भरलं. बॅकअपबद्दल विचाराल तर होता, रोज रात्री एका पेनड्राईव्हवर जायचा, पण तो पेनड्राईव्ह दसऱ्याला भरला होता आणि शेवटचं डंप २ ऑक्टोबरचं. खराब पेजातल्या नोंदी होत्या दिवाळीनंतरच्या एकाच दिवसाच्या, ४७.

सर्व्हर घेऊन दहाला आडतीवर पोचलो. अप्पांनी काही न बोलता भिंतीवरची तार उतरवली, काट्याच्या पावत्या ते तारेला टोचून ठेवतात, त्या दिवसाचा गठ्ठा काढला आणि चष्मा लावून एकेक पावती वाचायला बसले, मी टाईप करत गेलो. नाव, गाव, कट्टे, वजन, भाव. काही पावत्या भुशानं पिवळ्या पडलेल्या, एकीवर चहाचा डाग. आदल्या दिवशीच्या तीन तासांच्या नोंदी पोराच्या वहीवरून त्यानंच स्वतः टाकल्या. एकपर्यंत सेहेचाळीस झाल्या. सत्तेचाळिसावी पावती तारेवर नव्हती. नंबरांची रांग बघितली तर मधला एक नंबर गायब, कागद फाटून पडला असणार. अप्पांना एवढं आठवत होतं की औसा तालुक्यातला कुणीतरी होता, उचल घेऊन गेलाय, बाकीचे पैसे सोमवारी नेतो म्हणला होता. वजन किती, भाव किती, ते आठवंना. "हे बरं न्हाई," एवढंच म्हणले, आणि जेवायला उठले नाहीत.

तेव्हा मला लॉस्ट अँड फाउंड आठवला. त्या ८३ फायली. नावं नाहीत, नुसतं हॅश आणि पुढं आयनोडचा आकडा. फाइल कमांडनं बघितलं तर सगळ्या पीडीएफ. त्यातला मजकूर काढून सर्चच करायचा होता पण अप्पा म्हणले उघड एकेक, म्हणून उघडत गेलो. बहुतेक आधीच्या आठवड्यातल्या. एकसष्टावी का बासष्टावी उघडली आणि अप्पांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. गायब पावतीचा नंबर तोच. ९ क्विंटल ४० किलो, भाव ४१५०, एकूण ३९ हजार १०, त्याच्याखाली हमाली, तोलाई आणि ५ हजार उचल वजा.

त्या दुपारीच यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या, आणि प्लग काढून दहा मिनिटं दुकान चालवून दाखवलं. पुढच्या दोन दिवसांत आणखी एक २ टीबीची डिस्क लावून दोन्हींचा मिरर केला (दोन्हींवर तोच डेटा), स्मार्टचा पेंडिंग आकडा शून्याच्या वर गेला की मला मेसेज येईल असं लावलं, रात्रीचा बॅकअप आता पेनड्राईव्हवर आणि माझ्या घरच्या मशीनवर दोन्हीकडं जातो, आणि पेनड्राईव्ह भरला तर ओरडतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी जाळी साफ करायचं काम काट्यावरच्या पोरानं स्वतःहून अंगावर घेतलंय.

सोमवारी तो शेतकरी आला. अप्पांनी पट्टी प्रिंट करून दिली, त्यानं ती उभ्यानंच दोनदा वाचली, पैसे मोजून घेतले, आणि पट्टीची चार घडी घालून कोपरीच्या आतल्या खिशात ठेवली.